अश्वत्थाम्याला सुपडूभाऊचे डोळे

मी आजवर शंभराच्या वर मेलेल्या माणसांचे डोळे उघडले आहेत. दचकू नका, धंदाच तसा होता. नांदुऱ्यात स्टेशनच्या रस्त्यावर माझं दुकान. पाटीवर मी मोठ्या हौसेनं ‘आर्टिस्ट’ असं लिहिलं होतं, पण उभ्या गावानं मला पेंटरच म्हटलं आणि दुकान बंद करून घरी बसलो तरी पेंटरच म्हणतात. या अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला की धंद्यातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हसायला पाहिजे. बरं. हसण्यासारखं आहे ते आधी सांगून टाकतो. त्यापुढचं तुम्ही वाचलं नाही तरी माझी तक्रार नाही, मला ते लिहायचं आहे एवढंच.

तेव्हा मोबाइल नव्हते. खेड्यातलं माणूस सत्तर-ऐंशी वर्षं जगायचं आणि एकही फोटो न काढता मरायचं. मग घरच्यांची धावपळ. फोटोग्राफरला बोलवायचं, म्हाताऱ्याला भिंतीला टेकवून बसवायचं, डोक्यावर टोपी ठेवायची आणि फोटो काढून घ्यायचा. नाकात कापूस, हनुवटीला बांधलेली पट्टी, डोळे मिटलेले. तो फोटो यायचा माझ्याकडे. “पेंटर, कापूस काढा, डोळे उघडा, अन् अंगात कोट घालून द्या.” जन्मात कोट न घातलेल्या किती माणसांना मी कोट शिवले असतील, त्याचा हिशोब शिंप्यालाही लागायचा नाही.

डोळे करणं लोकांना सोपं वाटतं. पांढरा रंग द्यायचा, मध्ये काळा ठिपका. अहो, डोळ्यातलं पांढरं कधीच पांढरं नसतं! जरा निळसर, जरा मातकट, म्हाताऱ्याचं तर चक्क पिवळट. चमकेचा ठिपका सगळ्यात शेवटी द्यायचा, आणि एकदाच. तो चुकला की माणसाची बाहुली होते. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते जुने पेंटर, आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो, त्यांनी मला पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला. घरातलं माणूस समोर बसल्याशिवाय डोळे करायचे नाहीत. बाकी चेहरा फोटोवरून कर, कपडे मनानं कर, पण डोळ्यांच्या वेळी ज्याचं माणूस गेलं त्याला समोर बसव आणि तीन प्रश्न विचार. चष्मा होता का? राग कितपत होता? आणि घरात असले की नजर कुठं असायची?

पहिल्या दोन प्रश्नांना लोक पटकन उत्तर द्यायचे. तिसऱ्याला थांबायचे. कोणी सांगायचं गोठ्याकडे, कोणी घड्याळाकडे. एका सुनेनं सासूबद्दल सांगितलं, “माह्या हाताकडं. कनीक किती घेऊन राह्यली म्हनून.” मी त्या सासूबाईंची नजर तशीच खाली वळवली. पुढं सहा महिन्यांनी ती सून बाजारात भेटली, म्हणाली, “पेंटरबुवा, तुमी लय वाईट केलं. अजून बी मी कनीक कमीच घेतो!”

एक बाई आली. नवऱ्याचा फोटो समोर ठेवला आणि म्हणाली, “डोळे उघडू नका.” मला वाटलं, बाईला कळलं नाही. मी समजावून सांगितलं की डोळे उघडले की माणूस जिवंत वाटतो. ती म्हणाली, “म्हनूनच सांगून राह्यली ना. चाळीस वर्स माह्यावर वटारले त्यानं. आता राहू द्या मिटलेले, मले बी जराक बसू द्या.” मी मिटलेलेच ठेवले. त्या धंद्यात मिटलेल्या डोळ्यांचं ते एकच चित्र, आणि ते फार शांत झालं होतं.

नेमप्लेटा करायचो तेही सांगतो. गावात तत्त्वज्ञान शिकवणारे एक प्राध्यापक निवृत्त होऊन राहायला आले होते. सगळे त्यांना सर म्हणायचे. ते आले, म्हणाले, माझं नाव लिही आणि खाली बारीक अक्षरात ‘सध्या’ असं लिही. मी म्हटलं, सर, सध्या म्हणजे? म्हणाले, “सध्या इथे राहतो. सध्या आहे. आणखी काय खात्रीनं सांगता येतं?” ती पाटी दारावर लागल्यावर दोन महिने लोक विचारत होते, सर घर विकताय का? सर गेले, पण त्यांच्या मुलांनी ती पाटी अजून काढलेली नाही. ‘सध्या’ तेवढं पुसट झालं आहे.

सरांमुळेच माझं डोकं फिरलं असं माझी बायको म्हणते. तिचं अर्धं खरं आहे. तरुणपणी मी दोन वर्षं मोठ्या शहरातल्या कलाशाळेत काढली होती. वडील आजारी पडले, परत यावं लागलं. पण तिथे एका मास्तरांनी आम्हाला अतिवास्तववादी चित्रं दाखवली होती. ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो. स्वप्नात कसं, घर आपलंच असतं पण दार उघडलं की आत विहीर असते आणि तरी आपल्याला नवल वाटत नाही? तशी ती चित्रं. एकेक वस्तू हुबेहूब, मांडणी मात्र उफराटी. ते माझ्या मनातून कधी गेलं नाही. दिवसभर ‘किराणा व जनरल’ लिहायचं आणि रविवारी घरी हार्डबोर्डवर आपलं वेगळं काही करायचं, असं चालायचं.

विषय पुराणातले घ्यायचो, कारण लहानपणापासून तीच माणसं ओळखीची. त्रिशंकू केला, धान्याच्या मार्केटवर उलटा लटकलेला; त्याच्या खिशातून तूर सांडते आहे आणि खाली हमाल वर न पाहता पोती शिवताहेत. नचिकेता केला. तो यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसला होता ना, तो मी आमच्या स्टेशनच्या बाकड्यावर बसवला. रुळांवर रेडा उभा, आणि रेड्याच्या डोळ्यात स्टेशनचं घड्याळ. सर यायचे, चित्रासमोर खुर्ची ओढून बसायचे आणि त्यांचा अस्तित्ववाद सुरू व्हायचा. माणूस न विचारता या जगात टाकला जातो, पण पुढं जे करतो ते त्याचंच असतं. मला कुणी करायला लावलं, असं म्हणायची सोय नाही. काही न करणं हेसुद्धा करणंच. मला त्यातलं बरंच कळायचं नाही. जे कळलं असं वाटायचं, तेही कळलं नव्हतं हे आता लक्षात येतं.

बायकोचं म्हणणं साधं होतं. “हे भितीवर लावू नका, पाहुने जेवत नाईत.”

आता सुपडूभाऊ.

सुपडूभाऊ सोनाळ्याचे, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. एका मोठ्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचे. माझी त्यांची पहिली ओळख ट्रॉलीमुळे झाली. नवी ट्रॉली घेऊन आले होते, मागच्या फाळक्यावर मी ‘आईवडिलांचा आशीर्वाद’ लिहिलं आणि दोन्ही बाजूंना मोर काढले. मोराचं पीस नीट झालं नाही म्हणून त्यांनी मला ते दोनदा पुसायला लावलं होतं. इतका त्या माणसाचा गाडीवर जीव.

चार-पाच वर्षांनी ते परत आले ते चालत. कापसाच्या जिनिंग मिलच्या आवारात हमालांच्या खोल्या आहेत, तिथं एक खोली घेऊन एकटे राहत होते. बायको आणि मुलगी सोनाळ्यातच. म्हणाले, “पेंटर, काई काम असीन त दे. गाडीचं नको.” मी विचारलं नाही. पाट्या घासणं, प्रायमर मारणं, शिडी धरणं, असं काम ते करू लागले. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, मी त्यांना भाऊ म्हणायचो, ते मला पेंटर आणि अरेतुरे. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की हातातलं काम ठेवून आतल्या अंगाला जायचे आणि आवाज गेला की परत यायचे. दुपारी डबा खाताना मी त्यांना उस्तादांचा नियम सांगितला होता, तीन प्रश्न सांगितले होते. त्यांना ते फार आवडलं. गिऱ्हाईक डोळ्यांसाठी समोर बसलं की ते ब्रश धुवायचं थांबवून ऐकत उभे राहायचे.

मग एका दुपारी, काही कारण नसताना, त्यांनी सांगितलं.

“कापसाचा सीझन होता. ट्रॉली वावरात लावली होती. येचनाऱ्या बाया धुऱ्यावर जेवाले बसल्या होत्या. मालक म्हने मांगं घे, मी घेतली. एका बाईनं लेकरू निजवलं होतं ट्रॉलीच्या सावलीत. मी मांगं पाह्यलं नाई, पेंटर. एवढंच. रोज पाहो. त्या दिवशी नाई पाह्यलं.”

ते डब्याचं झाकण लावत होते, ते नीट बसत नव्हतं.

“त्या बाईनं मले शिवी नाई देली. नुसतं पाह्यलं माह्याकडं. कोर्टातून सुटलो मी, पन ते पाहनं काई जात नाई.” आणि थोड्या वेळानं म्हणाले, “माह्या आंधी तीन लेकरं गेली होती मायची. मी झालो त तिनं मले सुपात टाकलं अन् सुपडू नाव ठेवलं, यमाच्या नजरेत भरू नये म्हनून. आता पाह्य, मले काईच होत नाई. ताप बी येत नाई. दुसऱ्याची लेकरं जातात.”

आमच्या भागात असं नाव ठेवतात, ज्यांची मुलं जगत नाहीत ते. ‘हे टाकाऊ आहे, सुपातलं आहे, नेऊ नको,’ असं मरणाला सांगायचं. मी ते ऐकलं, आणि इथं मला खरं लिहिलं पाहिजे. माझा जीव कळवळला, हे खरं. पण त्याच घटकेला माझ्यातल्या आर्टिस्टनं कान टवकारले, हेही खरं. मला अश्वत्थामा दिसला.

सातपुड्याच्या अंगानं अश्वत्थामा अजून हिंडतो असं लोक मानतात. त्यानं पांडवांची झोपलेली मुलं मारली, कृष्णानं त्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला आणि शाप दिला, मरण येणार नाही, जखम भरणार नाही. त्या जखमेला लावायला तो दारोदार तेल मागतो. सोनाळ्याकडच्या म्हाताऱ्या बाया दारात आलेल्या अनोळखी माणसानं तेल मागितलं तर नाही म्हणत नाहीत, न जाणो तोच असायचा.

माझ्यासमोर तो रोज पाट्यांना पॉलिशपेपर मारत बसलेला होता.

चित्राला तीन महिने लागले. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं चित्र, हे आजही म्हणतो, आणि म्हणताना लाज वाटते. कापसाचं वावर, मागं सातपुडा. फुटलेल्या प्रत्येक बोंडात कापसाच्या जागी एक मिटलेला डोळा. मधोमध अश्वत्थामा, कपाळावर उघडी जखम, आणि जखमेतून आत पाहिलं की रिकामं खळं दिसतं. एक हात पुढं, तळहातावर तेलाची वाटी. आणि त्याची सावली माणसाची नाही. सावली ट्रॉलीची, आणि त्या सावलीत एक छोटी गोधडी.

सुपडूभाऊंनी ते चित्र अर्धवट पाहिलं होतं. त्या बोर्डाला प्रायमर त्यांनीच मारला होता. डोंगर आणि वावर झालं तेव्हा म्हणाले, “आमच्याकडचं हाये हे. बोंडं बरोबर काढली तू.” पुढचं मी घरी नेलं. चेहरा एका रविवारी केला, दार लावून. समोर कोणी नव्हतं. उस्तादांचा नियम मेलेल्यांसाठी होता असं मी मनाशी म्हटलं. हा तर जिवंत आहे, रोज पाहतो, विचारायचं काय? पण विचारलं नाही त्याचं कारण ते नव्हतं. ते नाही म्हणतील ही भीती होती. मला ते चित्र हवं होतं.

बुलढाण्याला जिल्ह्यातल्या चित्रकारांचं प्रदर्शन भरलं. माझ्या चित्राला पहिला नंबर मिळाला. शाल, श्रीफळ, प्रशस्तिपत्र. दुसऱ्या दिवशी पेपरच्या जिल्ह्याच्या पानावर चित्राचा फोटो आला, चांगला पाव पानभर. बक्षिसाच्या दिवशी सुपडूभाऊ आपणहून आले होते. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा, दुकानात कधी न घातलेली टोपी. माझ्या बायकोला म्हणाले, “पेंटरचं नाव झालं वहिनी. म्या सांगतलं होतं.” आणि चित्राकडे गेले.

किती वेळ उभे होते ते सांगता येत नाही. मी जवळ गेलो.

“पेंटर, हा मी हाये ना?”

“नाही हो भाऊ. हा अश्वत्थामा.”

“अश्वत्थामाच हाये. पन मी हाये ना?”

मी म्हणालो, चेहरा कुठून तरी घ्यावाच लागतो, पुराणातली गोष्ट आहे, कलेत असं असतं. काय काय म्हणालो! हो, तुम्हीच आहात, एवढं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. ते माझ्याकडे न पाहता चित्राच्या डोळ्यांकडे पाहत होते.

“मले इचारलं काऊन नाई बे?” आवाज चढलेला नव्हता. मला त्यांनी ‘बे’ कधी म्हटलं नव्हतं, तेवढं एकदाच. “तूच सांगत होता, समोर मानूस बसवल्याबिगर डोळे करत नाई म्हनून. मी बसलो असतो. तू म्हटलं असतं त मी बसलो असतो ना तुह्यासमोर.”

मग त्यांनी टोपी काढली, हातात धरली आणि बाहेर गेले.

सरही आले होते. ते चित्रासमोर बराच वेळ बसले. मला वाटलं, आता स्तुती करणार. म्हणाले, “चित्र मोठं आहे. पण जखम झालेला दिसतो, शाप देणारा दिसत नाही. तो कुठे उभा आहे?” मी म्हटलं, सर, कृष्ण काढला नाही मी. सर म्हणाले, “मी कृष्णाचं विचारत नाही.” मला राग आला. मनात म्हटलं, हे प्राध्यापक लोक कौतुक म्हणून करायचे नाहीत.

पेपर नांदुऱ्यातही येतो आणि सोनाळ्यातही. सोनाळ्याच्या कोणी तरी ट्रॉलीची सावली ओळखली, नांदुऱ्याच्या लोकांनी चेहरा ओळखला, आणि चार दिवसांत दोन्हींची सांगड बसली. जिनिंगजवळच्या चहाच्या टपरीवर सुपडूभाऊ गेले की कोणी तरी म्हणायचं, “काय अश्वत्थामा, तेल पाह्यजे का?” एकदा मी स्वतः ऐकलं. मी त्या माणसाला झापलं, चांगलंच झापलं, आणि सगळ्या टपरीला ते जास्तच पक्कं कळलं. सुपडूभाऊ चहा अर्धा ठेवून उठले. या गावात त्यांना कोणी ओळखत नव्हतं, एवढीच काय ती त्यांची कमाई होती, आणि ती मी घालवली.

महिनाभरानं ते सोनाळ्याला परत निघाले. दुकानात येऊन स्वतःचे ब्रश नीट धुऊन ठेवले. मी म्हटलं, भाऊ, तिथं तर सगळेच ओळखतात. “मंग तथीच बरं. तथचे लोक मांगून बोलत नाईत, तोंडावर बोलतात.” जाताना म्हणाले, “येजो कधी. पोरगी भाकर चांगली टाकते.” मी म्हटलं, येतो ना, येतोच.

गेलो नाही. वीस वर्षं गेलो नाही. सोनाळा काही काशी नाही, नांदुऱ्याहून एसटी आहे. आधी वाटलं, थोडं थंड होऊ द्यावं. मग फ्लेक्स आले. कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत पाटी, दहा मिनिटांत वाढदिवसाचा बोर्ड. माझ्यासारख्यांचे हात रिकामे झाले. मग वाटलं, आता पडत्या काळात कशाला जायचं. मग सर गेले, बायकोचं ऑपरेशन झालं. न जायला कारणं लागतात तेवढी मिळतात. एकदा खरंच निघालो होतो, पेढ्याचा पुडा घेऊन. जळगाव जामोदच्या स्टँडवर उतरलो, चहा प्यालो, समोर नांदुऱ्याची गाडी लागली होती तिच्यात बसलो. पेढे घरी बायकोला दिले. तिनं विचारलं, कशाचे? मी म्हटलं, असेच.

चित्र कोणी नेलं नाही. मी ते माळ्यावर भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात सकाळी दहाच्या सुमाराला एक बाई दारात आली. पस्तिशीची असेल, हातात कापडी पिशवी. “पेंटरकाका तुमीच का? मी वंदना. सोनाळ्याची. सुपडूभाऊची पोरगी.”

मी तिला आत घेतलं. बायकोनं पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, “बाबा गेले. तेरवी झाली परवा.” कशानं ते मी विचारलं. झोपेत, म्हणाली. काही त्रास झाला नाही. मला एकदम त्यांचं ते बोलणं आठवलं, मले काईच होत नाई. बरं झालं, असं मनात आलं आणि आपल्याच मनाची शरम वाटली.

तिनं पिशवीतून प्लॅस्टिकची पुडी काढली, तिच्यात घडी घातलेलं पेपरचं कात्रण. माझं चित्र. घड्यांवर फाटलेलं, पण चेहरा शाबूत.

“बाबाच्या पाकिटात होतं. दुसरा फोटोच नाई काका. पेपरात आल्यापासून बाबा कोनाले फोटो काढू देत नव्हते. माह्या लग्नात बी तोंडावर उपरनं घेतलं. आधार कार्डावरचा हाये, पन तो कोनाचा बी वाटते. ह्याच्यात बाबा खरे दिसतात.” तिनं कात्रण माझ्यापुढं सरकवलं. “भितीवर लावासाठी एक करून द्या. नुसता चेहरा. कपाळावरची जखम तेवढी बुजवून द्या.”

मी खाली पाहत होतो. ती म्हणाली, “जखम खोटी नाई काका, मले सारं मालूम हाये. पन घरात माह्यी पोरगी हाये लहान. ती इचारन ना, आजोबाच्या कपाळाले काय झालं?”

“तुझा राग नाही माझ्यावर?” मी विचारलं.

“होता. लय होता. शाळेत पोरी मले तेल मागत.” तिनं सरळ सांगून टाकलं. “बाबाले मी म्हनो, हे फाडून टाका. त बाबा म्हनत, राहू दे, मले त्याच्याबिगर कोनी इतकं पाह्यलं नाई.”

मी माळ्यावरून चित्र काढलं. धूळ पुसली. वीस वर्षांनी चेहरा समोर आला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत गेली.

नवा बोर्ड घेतला. प्रायमर मीच मारला, आणि तो त्यांच्यासारखा सपाट झाला नाही. वंदना दोन दिवस जळगाव जामोदला मावशीकडे राहून परत आली. तोवर मी चेहरा, टोपी, सदरा करून ठेवला होता. कोट घातला नाही. कपाळ केलं. कपाळाला फार वेळ लागला नाही, हे सांगायलाही वाईट वाटतं. जखम बुजवायला अर्धा तास पुरतो. डोळ्यांची जागा रिकामी ठेवली आणि तिला म्हटलं, “बस समोर.”

ती पाटावर बसली. मी ब्रश हातात घेतला आणि नियमाप्रमाणे विचारलं.

“चष्मा?”

“नाई. शेवटपर्यंत नाई.”

“राग कितपत?”

“स्वतःवर. दुसऱ्या कोनावर नाई.”

तिसरा प्रश्न विचारायच्या आधी मी उगाच रंग कालवत बसलो. मग विचारला. “घरात असले की नजर कुठं असायची?”

ती थांबली नाही. तिला ते आधीच माहीत होतं.

“दाराकडं. दुपारी नांदुऱ्याची एसटी येते ना, तिचा आवाज आला की बाबा दाराकडं पाहत. मी म्हनो, कोन येनार हाये बाबा? त म्हनत, पेंटर येईन. त्याले बी करमत नसीन तिकडं.”

मी ब्रश खाली ठेवला. चष्मा काढून पुसला, परत लावला. वंदना पदराचं टोक हातात घेऊन बसून राहिली. बाहेर कुणी तरी भंगार मागत गेला.

दाराकडे पाहणारे डोळे करायचे तर बुबुळं एका अंगाला सरकवावी लागतात. फोटो भिंतीवर लागल्यावर दार ज्या बाजूला येईल, त्या बाजूला.

“दार कोणत्या हाताला आहे गं, तुमच्या घरी?” मी विचारलं. एकदा जरी गेलो असतो तरी हे विचारावं लागलं नसतं.

“डाव्या,” ती म्हणाली.

मी डोळे डावीकडे केले.